गाळ उपसण्याआधी

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या आसपास वाढलेल्या माणसापुढे वयाचे तीन प्रश्न येतात. हा डोंगराळ मुलूख किती जुना? आपल्या भागात पूर्वी पाऊस कसा पडायचा, दुष्काळ केव्हा येऊन गेले? आणि गावच्या तलावात दरसाल किती गाळ साठतो, म्हणजे तो आणखी किती पिढ्यांना पाणी देईल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोट्यवधी वर्षांत द्यावं लागतं, दुसऱ्याचं शेकडो-हजारो वर्षांत आणि तिसऱ्याचं एका माणसाच्या हयातीत.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमची धानाची शेती आहे आणि ती तलावाच्या पाण्यावर आहे, त्यामुळे तिसरा प्रश्न माझ्या घरचाच आहे. वर्गात किरणोत्सर्गाचा धडा आला की मुलांना मी हेच तीन प्रश्न देते. कारण तिन्हींची उत्तरं एकाच मूलद्रव्यापासून सुरू होणाऱ्या एकाच साखळीत दडलेली आहेत. ते मूलद्रव्य म्हणजे युरेनियम.

युरेनियम म्हटलं की लोकांना अणुभट्टी आठवते. पण ते थोड्या प्रमाणात सगळीकडे असतं. साध्या ग्रॅनाइटच्या एका टनात साधारण तीन-चार ग्रॅम युरेनियम सापडतं. आपल्या पूर्व सीमेपलीकडे, जुन्या राजनांदगाव जिल्ह्यात बोडल इथे तर अणुखनिज विभागाने त्याचा साठाच शोधून काढला आहे. प्रतापगडावर महाशिवरात्रीच्या यात्रेला किंवा ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्यावर आलेला भाविक ज्या जमिनीवरून चालतो, तिच्या मुठीभर मातीतही युरेनियमचे अणू असतात, आणि त्यातले काही त्याच क्षणी फुटत असतात.

युरेनियम-२३८ हा अणू फुटला की लगेच स्थिर होत नाही. त्याचा थोरियम-२३४ बनतो, तोही फुटतो. असं करत करत चौदा पायऱ्या उतरल्यावर शेवटी शिसे-२०६ तयार होतं आणि तिथे साखळी थांबते. प्रत्येक पायरीचा वेग ठरलेला असतो. निम्मे अणू फुटायला लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य जवळपास ४४७ कोटी वर्षं आहे. पुढच्या पायऱ्यांपैकी युरेनियम-२३४ चं सुमारे २ लाख ४५ हजार वर्षं, थोरियम-२३० चं सुमारे ७५ हजार ६०० वर्षं, रेडियम-२२६ चं १६०० वर्षं, रेडॉन वायूचं पावणेचार दिवसांच्या आसपास आणि शिसे-२१० चं २२ वर्षं. उष्णता, दाब, पाऊस, वणवा, कशानेही हा वेग व्यवहारात बदलत नाही. म्हणून त्यावर कालगणना उभी करता येते.

आमच्याकडच्या मुलांना ही साखळी समजायला वेळ लागत नाही, कारण त्यांनी एकाखाली एक बांधलेले तलाव पाहिलेले असतात. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तलावात, बोडीचा सांडवा आणखी खालच्या बोडीत. वरचा तलाव प्रचंड आहे आणि त्यातून पाण्याची बारीकशी धार सुटते आहे असं समजा. खालची प्रत्येक बोडी हळूहळू भरते, आणि एक वेळ अशी येते की जितकं पाणी आत येतं तितकंच बाहेर जातं. मग कुणाची पातळी बदलत नाही. जिला पाणी सोडायची घाई, तिच्यात साठा कमी. जी संथ, तिच्यात जास्त. युरेनियमच्या साखळीत नेमकं हेच घडतं. लाखो वर्षं कुणी धक्का न लावलेल्या खडकात प्रत्येक पायरीवर दर सेकंदाला सारखेच अणू फुटतात. त्या समतोलात सुमारे तीन टन युरेनियममागे जेमतेम एक ग्रॅम रेडियम असतं. चिमूटभर रेडियमसाठी मारी क्युरी यांना टनावारी खनिज का उकळावं लागलं, ते या हिशेबावरून कळतं.

आता मधली एखादी पाळ फुटली तर? खालची बोडी आटू लागेल किंवा नव्याने भरू लागेल, आणि तिची आजची पातळी मोजून पाळ केव्हा फुटली ते सांगता येईल. निसर्गात अशा पाळी सतत फुटतात. खडक वितळतो, पाणी एक मूलद्रव्य विरघळवून नेतं आणि दुसरं मागे ठेवतं, वायू जमिनीतून निसटतो. प्रत्येक वेळी साखळीचा समतोल मोडतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. कोणती पायरी मोजायची ते प्रश्नावर ठरतं. कोट्यवधी वर्षांच्या प्रश्नासाठी साखळीची दोन टोकं, हजारो वर्षांसाठी थोरियम-२३० आणि शंभर वर्षांसाठी शिसे-२१०.

पहिला प्रश्न खडकांचा. पुण्या-नाशिककडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दगड म्हटला की काळा बेसाल्ट येतो. लाव्हाचे ते थर नागपूरच्या आसपास संपतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात ते पोहोचलेच नाहीत. इथे आहेत आमगाव परिसराच्या नावाने ओळखले जाणारे पट्टेदार नाईस खडक, साकोली गटाचे रूपांतरित खडक आणि पूर्वेला दरेकसा-सालेकसाकडे डोंगरगड पट्ट्यातले ग्रॅनाइट व रायोलाइट. रायोलाइट हासुद्धा ज्वालामुखीचाच खडक, पण फिक्या रंगाचा आणि सिलिका भरपूर असलेला.

या पट्ट्याचं वय काढायचा एक महत्त्वाचा प्रयत्न एस. एन. सरकार, के. गोपालन आणि जे. आर. त्रिवेदी यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, तो १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणून त्यांच्या लेखात आपला मुलूख भंडारा-दुर्ग म्हणून येतो. त्यांनी रुबिडियमपासून स्ट्रॉन्शियम बनण्याची एकाच पायरीची मोजणी वापरली आणि बिजली रायोलाइट नावाच्या खडकाचं वय २१८ कोटी वर्षं आलं. पुढे याच पट्ट्यातल्या जिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांवर युरेनियम-शिशाची मोजणी झाली, तेव्हा उत्तर २५० कोटींच्या आसपास गेलं.

ही तफावत मुलांना मी मुद्दाम दाखवते, कारण साखळीची ताकद इथे कळते. बारीक कणांच्या ज्वालामुखी खडकातून नंतरच्या उष्णतेने आणि पाण्याने रुबिडियम-स्ट्रॉन्शियम सहज हलू शकतात, आणि मग वय कमी दिसतं. जिरकॉन मात्र चिवट. वितळलेल्या खडकात त्याचा स्फटिक वाढताना तो युरेनियमला आत जागा देतो आणि शिशाला जवळपास पूर्णपणे बाहेर ठेवतो. त्यामुळे त्यात आज जे शिसं सापडतं ते तिथेच जन्मलेलं, असं धरता येतं. शिवाय त्या एकाच कणात दोन साखळ्या चालू असतात. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ बनतं आणि युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७. युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य ७० कोटी वर्षांच्या आसपास आहे. दोन वेगवेगळ्या वेगांनी काढलेली दोन वयं जुळली, तर त्या कणातून शिसं निसटलेलं नाही हे सिद्ध होतं. न जुळली, तर किती निसटलं आणि साधारण केव्हा, याचाही माग लागतो. जॉर्ज वेदरिल यांनी १९५६ मध्ये ही दुहेरी तपासणी आलेखावर मांडली, आणि आजही ती तशीच वापरली जाते.

आपल्या शेजारी दल्ली-राजहऱ्याला, जिथलं लोखंड भिलाईला जातं, तिथल्या ग्रॅनाइटमधल्या जिरकॉनचं वय सुमारे ३५८ कोटी वर्षं असल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पृथ्वीच सुमारे ४५५ कोटी वर्षांची आहे. म्हणजे भारतातल्या अतिशय जुन्या खडकांपैकी काही आपल्या उंबरठ्याशी आहेत. त्या मानाने दख्खनचा बेसाल्ट कालचा. ब्लेअर शोने आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटात लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या राखेतून जिरकॉन वेचले. त्यांची २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजणी सांगते की मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६३ लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि सुमारे साडेसात लाख वर्षं चालला. सहा कोटींच्या हिशेबात काही दहा हजार वर्षांपर्यंतचा नेमकेपणा या पद्धतीने येतो.

दुसरा प्रश्न पावसाचा. त्याचं उत्तर आमच्या तालुक्यात नाही, पण फार लांबही नाही. बस्तरच्या कांगेर खोऱ्यात चुनखडीच्या गुहा आहेत. छतावरून पाणी ठिबकतं आणि जमिनीवर चुन्याचे खांब वाढतात. त्या पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळपास विरघळत नाही. म्हणून नव्याने साचलेल्या चुन्यात युरेनियम असतं आणि थोरियम नसल्यासारखं. पुढे जे थोरियम-२३० दिसतं ते त्या थरात तयार झालेलं असतं आणि त्याच्या प्रमाणावरून थराचं वय निघतं. दंडक गुहेतल्या अशाच एका खांबाची मोजणी आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. इसवी सन ६०० ते १५०० या काळातल्या मोसमी पावसाची नोंद त्यातून मिळाली. थरांचं वय थोरियमने सांगितलं आणि पाऊस भरपूर की तुटपुंजा, ते त्याच थरांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनी.

त्या नोंदीत चौदाव्या शतकापासून कमी पावसाचे दीर्घ काळ दिसतात. महाराष्ट्राला १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ माहीत आहे. बारा वर्षं चालल्याचं सांगतात. लोकांच्या आठवणीत राहिलेली ती उपासमार ज्या काळातली, त्याच काळात बस्तरच्या गुहेतला चुनाही पाऊस ओसरल्याची साक्ष देतो. कुणाच्या स्मरणशक्तीवर किंवा दरबारी लेखनावर अवलंबून नसलेली ही साक्ष मला मोलाची वाटते.

या पद्धतीला मर्यादाही आहे. अर्धायुष्याच्या पाच-सहा पट काळ उलटला की थोरियम-२३० समतोलाजवळ पोहोचतं आणि त्यापुढचा फरक वाचणं अवघड होतं. प्रवरेकाठी नेवाशाला, जिथे ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केलं, तिथल्या आदिमानवाच्या हत्यारांच्या थरांबाबत या मोजणीचं उत्तर साडेतीन लाख वर्षांहून जुने एवढंच आलं. किती जुने, ते सांगायला मग दुसरा मार्ग धरावा लागतो.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत निकडीचा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून जवळपास सात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत. आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो. ते बांधण्यात कोहळी समाजाचं कौशल्य मोठं होतं. नवेगावबांधचा विशाल तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले, आणि देखभाल कमी होत गेली तसा गाळ वाढला, असं सगळे म्हणतात. खरंच वाढला का? किती? जंगल तुटल्यामुळे, वरच्या शेतांच्या नांगरटीमुळे, की पावसाच्या बदललेल्या तऱ्हेमुळे? यावर चर्चा खूप होते. मोजमाप मात्र अगदी थोडं झालं आहे.

ते करायची रीत साखळीतच आहे. जमिनीतल्या रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. त्यातला काही भाग मातीतून हवेत निसटतो. तिथे काही दिवसांतच तो फुटत जाऊन त्याचं शिसे-२१० बनतं. ते धुळीच्या कणांना चिकटतं, पावसाबरोबर खाली येतं आणि तलावाच्या तळाशी गाळात बसतं. दरवर्षी वरून असं ताजं शिसं येत राहतं, आणि गाळात पुरलं गेलं की दर २२ वर्षांनी निम्मं होतं. गाळातल्या मातीच्या स्वतःच्या रेडियमपासूनही थोडं शिसे-२१० बनत असतं. ते वेगळं मोजून वजा करायचं. उरलेलं आकाशातून आलेलं. समजा वरच्या थरात ते चार भाग आहे आणि ४० सेंटिमीटर खाली एक भाग. म्हणजे दोनदा निम्मं झालं, सुमारे ४५ वर्षं गेली. गाळ वर्षाला सरासरी ९ मिलिमीटर या वेगाने साठला.

बर्फाच्या थरांसाठी ही कल्पना १९६३ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग यांनी मांडली. तलावाच्या गाळाला ती लावून दाखवणारा पायाभूत लेख १९७१ चा आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल यांनी दोन फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर तो लिहिला. त्यांनी निवडलेल्या तलावांत युरोपातले लेमान आणि पाव्हँ होते, दक्षिण अमेरिकेतला तितिकाका होता, आणि चौथा होता ठाणे जिल्ह्यातला तानसा, ज्याचं पाणी मुंबई पिते. आज जगभर गाळाची कालगणना ज्या पद्धतीने होते, तिच्या सुरुवातीच्या कसोट्यांपैकी एक आपल्या राज्यातल्या तलावावर झाली. पुढे भारतात नैनितालसारख्या तलावांतला गाळ असाच मोजला गेला. आमच्या मामा तलावांना मात्र ही रीत लागू करण्याचं मोठं काम अजून व्हायचं आहे.

काम अवघड यंत्रांचं असलं तरी तलावावरचा भाग साधा आहे. मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांचा डोंगा, एक लांब नळी आणि ती गाळात सरळ उभी दाबून, थर न हलवता वर काढायचं कसब. नळीतल्या गाळाचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करायचे, वाळवायचे, वजन करायचं, हवाबंद डबीत तीनेक आठवडे ठेवायचे. रेडॉन आणि रेडियमचा समतोल परत बसावा म्हणून ही वाट पाहणी. मग जर्मेनियमच्या संवेदकापुढे ठेवून गॅमा किरण मोजायचे. एवढं प्रयोगशाळेत होतं, आणि अशा प्रयोगशाळा देशात आहेत.

पडताळ्यासाठी निसर्गाबाहेरची एक खूणही मदतीला येते. हवेतल्या अणुचाचण्यांमुळे जगभर सीझियम-१३७ पसरलं आणि १९६३ च्या सुमारास त्याचा पाऊस सर्वाधिक झाला. नवेगावबांधसारख्या जुन्या तलावात तो थर सापडायला हवा. शिशावरून काढलेलं वय त्या थराशी जुळलं तर मोजणी पक्की. गोठणगावजवळच्या गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण नंतरचं, १९७० च्या सुमाराचं. तिथे ते शिखर दिसणार नाही, पण तिथे त्याहून चांगला पडताळा आहे. गाळ संपून जिथे मूळची माती लागते, तो क्षण आपल्याला माहीत आहे. प्रतापगडाच्या परिसरात जुना तलाव आणि नवं धरण असे दोन्ही नमुने जवळजवळ आहेत. असा योग दुसरीकडे शोधावा लागतो.

अडचणी नाहीत असं नाही. उन्हाळ्यात आटणाऱ्या बोडीत गाळाला भेगा पडतात, गुरं फिरतात, थर मिसळतात. तिथे ही मोजणी भरवशाची राहत नाही. म्हणून न आटणारा खोल भाग निवडायचा. गाळ सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून एका नळीवर संपूर्ण तलावाचा निकाल देता येत नाही. आणि तलाव मुळात केव्हा बांधला, हे शिसे-२१० सांगू शकत नाही, कारण शंभर-सव्वाशे वर्षांत ते इतकं कमी होतं की मोजता येत नाही. त्यासाठी तळातल्या कोळशाची किंवा लाकडाची कार्बन-१४ मोजणी करावी लागेल.

२०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तलाव खोल होतो आणि गाळ शेतात जातो. आमच्या शेतातही तलावाचा गाळ पडला आहे आणि त्याचा गुण मी पाहिला आहे. उपसा थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही. शेजारचे एक काका मला विचारत होते, “या गाळात एवढं का हाय जी, मॅडम?” मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. तुमच्या आजोबांच्या काळात दरसाल किती माती वाहून आली, मालगुजारी गेल्यावर किती आणि आता किती, हे त्यात आहे. ते कळलं तर कोणता तलाव आधी उपसायचा, कोणत्या टेकडीवर आधी झाडं लावायची आणि उपसलेला तलाव किती वर्षांत परत भरेल, हे अंदाजाने नव्हे तर आकड्याने ठरवता येईल. काका म्हणाले, “मंग आधी काढून ठेवा ना.”

माझी मागणी तेवढीच आहे. मोठ्या तलावाचा गाळ उपसायच्या अंदाजपत्रकात एक ओळ असावी: यंत्र उतरण्यापूर्वी खोल भागातून दोन-तीन नळ्या काढून जपून ठेवणे. नळी काढायला, काप करायला, नोंदी ठेवायला तालुक्यातली महाविद्यालयीन मुलं तयार होऊ शकतात; मोजणी पुढे प्रयोगशाळेत होईल. यंत्राने एकदा गाळ ट्रॅक्टरमध्ये भरला की त्याचे थर पुन्हा लावता येत नाहीत. आणि न उपसलेल्या तलावातही वेळ थांबलेली नाही. १९०० च्या सुमाराच्या थरातलं शिसे-२१० आज मोजमापाच्या अगदी काठावर आहे; आणखी वीस वर्षांनी ते वाचता येणार नाही. मालगुजारी संपली त्या वर्षांचे थर मात्र अजून स्पष्ट वाचता येतील. ते वाचायचे की ट्रॉलीत भरून धानाच्या बांधीत टाकायचे, हा निर्णय आपल्याच पिढीला घ्यावा लागणार आहे, आणि तो या उन्हाळ्याच्या उपशाआधी घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.